इझोलिनाचं पिंप

२७ सप्टेंबर १९५४, मोंतेब्रूस्को

पोचलो एकदाचा. शेवटच्या चढावर बसनं अंग टाकलं, ड्रायव्हरनं सगळ्यांना खाली उतरवलं आणि उरलेला चढ आम्ही पायीच चढलो. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात अवजारांची पिशवी, आणि काखेत बहिणीनं दिलेलं सुक्या मांसाचं सॉसेज. ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतच मी वर आलो. पण वर उभं राहून खाली बघितलं आणि सगळा राग निवला. उतारभर द्राक्षवेली, पानं नुकती पिवळी पडायला लागलेली, घड अजून वेलीवरच, आणि अख्ख्या गावाला गोडसर आंबूस वास. सगळा जन्म पो नदीच्या सपाटीवर धुकं आणि डास खात काढला मी. ईवो झानासीचं नशीब उघडलं म्हणायचं.

गावाच्या सामायिक वाइन कारखान्याचा मी नवा तळघरप्रमुख. फ्लॉरेन्सच्या घाऊक व्यापाऱ्यानं अट घातली होती की शिकलेला माणूस ठेवा, नाहीतर माल घेणार नाही. म्हणजे गावानं मला हौसेनं बोलावलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. होईल हळूहळू. चांगली वाइन हातात ठेवली की माणसं सरळ होतात, हा माझा अनुभव आहे.

खोली बेकरीच्या वर मिळाली. खाली भट्टी, त्यामुळे जमीन कायम कोमट. बेकरीवाली इझोलिना पस्तिशीची, रुंद खांद्यांची, कोपरापर्यंत पिठात. कुठून आलात विचारलं. मोदेनाकडून म्हटल्यावर म्हणाली, अगं बाई, तिकडे बेडूक तळून खातात ना? तेव्हापासून मी बेडूकराव. तिचा नवरा नेल्लो मुखदुर्बळ, मान हलवतो आणि पीठ मळतो. सात वर्षांची तोस्का मात्र दोघांच्या वाटचं बोलते. तिनं मला पावाचा करपलेला कोपरा आणून दिला आणि हा सगळ्यात चांगला असतो म्हणून बजावलं. खरंच चांगला होता.

संध्याकाळी कारखान्याचा अध्यक्ष ग्वाल्तिएरो किल्ल्या द्यायला आला. उंच, वाळका, टोपी न काढणारा. एकेक किल्ली हातात ठेवत गेला. शेवटची ठेवताना म्हणाला, ही वरच्या माळ्याची, आगीबिगीला असावी म्हणून देतोय, वापरायची नाही. वरची छोटी पिंपं घरोघरची आहेत, कारखान्याची नाहीत. का म्हणून विचारलं तर म्हणाला, मी सांगतोय म्हणून. प्रत्येक गावात असा एक असतोच. मी हसून सोडून दिलं.

३ ऑक्टोबर

तोडणी जोरात आहे. दिवसभर टोपल्या येतात, रस उतरतो, मोठ्या पिंपांतून खदखद ऐकू येते. काम छान चाललंय. माणसांचं मात्र काही खरं नाही. मी चौकातल्या बारमध्ये शिरलो की पत्ते खेळणारे पत्ते पालथे घालतात. कॉफी मागितली तर गार मिळाली. गार आहे म्हटलं, तर बारवाला म्हणाला, दलदलीतल्या माणसाला गरम-गार कळतं वाटतं? सगळे हसले. मीही हसलो, पण आतून जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू.

आज अमेरिगो नावाच्या म्हाताऱ्याला माती दिली. खेचरांची खोगिरं शिवायचा, दारात सुई दातांत धरून बसलेला मी दोनदा बघितला होता. दफन झाल्यावर माळ्यावरून एक छोटं पिंप खाली आणलं, देवळाच्या पायऱ्यांवर ठेवलं, बूच काढलं, आणि अख्ख्या गावानं घोट घोट घेतला. तान्ह्या पोरांच्यासुद्धा जिभेला बोट लावलं. मीही पेला पुढे केला. ग्वाल्तिएरोनं पिंपाच्या तोंडावर पंजा ठेवला आणि म्हणाला, हे पाहुण्यांसाठी नसतं. आयुष्यात पुष्कळ अपमान गिळलेत मी, पण घोटभर वाइनसाठी चारचौघांत कुणी असं हाकललं नव्हतं.

परत येताना एक गंमत बघितली. पोस्टमनची बायको दारात बसून खोगिराचा पट्टा शिवत होती. सुई दातांत धरून, अमेरिगो धरायचा तशीच. हे कधी शिकलात म्हणून विचारलं, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या पेटीकोटाची चौकशी केली. इझोलिनाला सांगितलं तर ती खो खो हसली. म्हणाली, आमच्याकडे काही वाया घालवत नाहीत, बेडूकराव.

९ ऑक्टोबर

आज दुपारी मोठ्या पिंपांजवळ उभा असताना मानेवर काहीतरी टपकलं. बोटावर घेतलं तर मधासारखं चिकट. वर बघितलं तर माळ्याच्या फळीतून थेंब धरतोय. ग्वाल्तिएरो मळ्यात होता, बाकी सगळेही तोडणीवर. आता गळतं पिंप बघून जो हात बांधून उभा राहील तो तळघराचा माणूस नव्हे. मी किल्ली काढली आणि वर गेलो.

माळा कौलांखाली, भट्टीसारखा तापलेला. रांगांवर रांगा, छोटी काळी पिंपं, प्रत्येकाचं बूच लाल मेणानं बंद. दुसऱ्या फळीवरच्या एका पिंपाची पट्टी वाळून उललेली, मेणाला तडा गेलेला. पिंपांच्या नावाच्या बाजू सगळ्या भिंतीकडे होत्या. कुणाचं आहे हे बघायचं मला सुचलंही नाही. मोगरीनं ठोकून बूच काढलं, आत काचेची नळी सोडून किती उरलंय ते बघितलं, आणि अर्थात चव घेतली. चाखल्याशिवाय पिंपाला काय झालंय ते कळणार कसं?

असली वाइन मी जन्मात प्यालो नव्हतो. भाजलेलं चेस्टनट, अंजीर, आणि मागाहून गरम पावाचा वास. डोळ्यांत पाणी आलं. आणखी एक घोट घेतला. मग भेगेत लव्हाळं ठासलं, बूच बसवलं, ताजं मेण ओतलं आणि खाली आलो. आणि म्हणे किल्ली वापरायची नाही. मी नसतो तर त्यांचं अर्धं पिंप जमिनीत गेलं असतं.

१० ऑक्टोबर

सकाळी खाली बेकरीत गेलो आणि माझे हात आपोआप परातीत शिरले. मला धड अंडं उकडता येत नाही. पण पीठ मळणं कुठे थांबवायचं ते मला कळत होतं. भट्टीची डावी बाजू करपवते हे कळत होतं. पिठावर सुती नाही, लोकरीचं फडकं टाकायचं, हेही. नेल्लो थांबून माझ्या हातांकडे बघत राहिला.

इझोलिनानं तेवढ्यात सगळे पाव डावीकडे लावले आणि कोळसा करून बाहेर काढले. फावडं हातात धरून ती भट्टीसमोर उभी राहिली. म्हणाली, कुठली बाजू ते आठवतच नाहीये. लहानपणापासून हीच भट्टी वापरतेय ती.

मग चौकातली घंटा वाजायला लागली. ताज्या मेणाचा वास रस्त्यावर उतरला होता म्हणे. ग्वाल्तिएरो आला, मागे पंधरावीस माणसं. त्यानं माझे हात उचलून हुंगले, कुत्र्यानं हुंगावं तसे. कुठली फळी, विचारलं. दुसरी, दाराकडून चौथं, मी सांगितलं. गळत होतं, मी वाचवलंय, हेही सांगितलं, आणि आवाज चढवूनच सांगितलं.  नेल्लो पिठाच्या पोत्यावर मटकन खाली बसला. ग्वाल्तिएरो इझोलिनाकडे वळून हळू आवाजात म्हणाला, सगळं नीट करू आपण, पोरी. जाताना माझ्या बुटांवर थुंकला.

११ ऑक्टोबर

इझोलिनानं सांगितलं. पीठ चाळता चाळता सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

इथे मूल जन्मलं की त्या वर्षीची गोड वाइन एका पिंपात भरतात. तळाला गेलेल्या आजी-पणजीच्या पिंपातला गाळ घालतात, विरजण म्हणून. मग मेण लावून माळ्यावर ठेवतात. माणूस जगतो तसं ते मुरत जातं. त्याला येणारं सगळं त्यात उतरतं. तो मेला की उघडतात आणि गाव पितं, म्हणजे माणूस गेला तरी त्याचं काही जात नाही. अमेरिगोचा टाका राहिला, कुणाच्या पणजीच्या ओव्या राहिल्या. पण जिवंतपणी उघडलं की प्यालेलं पिणाऱ्याकडे जातं आणि माणसाकडून कमी होतं. मी उघडलं ते पिंप तिचं; ती भट्टीची बाजू माझ्या दोन घोटांत आली.

मी म्हटलं, मी बंद केलंय की परत. ती म्हणाली, बेडूकराव, तुम्हीच सांगा, हवा लागलेलं पिंप राहतं का? नाही राहत. शिकलेला मीच आहे. हवा लागली की आंबतं, व्हिनेगर होतं. आणि वाइन आंबली की माणूस आंबतो. लढाईच्या वर्षात ग्वाल्तिएरोच्या चुलत्याचं पिंप कुणाच्या लक्षात न येता उललं होतं. त्या माणसानं शेवटी स्वतःच्या पोरांवर कुऱ्हाड उचलली. म्हणून उघडलं की गोड आहे तोवर प्यायचं, जिवंत असला तरी. परवापासून तिचं पिणार आहेत.

मी म्हटलं, हा शुद्ध गाढवपणा आहे, चल, तुला आणि तोस्काला खाली घेऊन जातो. तिला आढेवेढे घ्यायलाही वेळ दिला नाही. दोघींना बसमध्ये बसवलं. ड्रायव्हर पेपर वाचत होता. चल म्हटलं तर पान उलटलं. सगळा चौक दारांत येऊन उभा राहिला. शेवटी तोस्कालाच लघवीला लागली आणि आम्ही उतरलो.

रात्रभर, हे लिहितानाही, एकच विचार आहे. हे मी केलंय. दुसऱ्या कुणी नाही.

१३ ऑक्टोबर

पिंप देवळाच्या पायऱ्यांवर आहे. तिला खुर्ची दिली शेजारी. चांगला निळा झगा घालून ती बसली.

पहिला पेला नेल्लोनं घेतला. मी त्याचा दंड धरला, तर मला म्हणाला, लोकांनी नेण्यापेक्षा माझ्याकडे राहील. प्यायला आणि हसला. तिचंच हसू, खो खो, त्याच्या तोंडातून. ती त्यानंतर हसलेली नाही.

मग बाकीचे आले. पहिल्यांदा डोळे पुसत घेत होते. नंतर डोळे कोरडे झाले. मेलेल्याची वाइन वेगळी लागते म्हणे, ही जिवंत आहे. पोस्टमनची बायको परत रांगेत लागली. दुसऱ्यांदा आलीस म्हणून कुणी हटकलं नाही, कारण हटकणाराही दुसऱ्यांदाच आलेला होता. मी आडवा आलो तर दोघांनी मला उचलून कारंज्यात टाकलं. कुणी म्हणालं, बेडकाला पाण्यात सोडा. हशा पिकला.

दुपारी जेवायला घरोघर गेले तोवर अर्ध्याच्या खाली उतरलं होतं. इझोलिना नेल्लोकडे बघून म्हणाली, आपण कुणाकडे आलात? ती इतक्या अदबीनं बोलली की तो तिथून पळूनच गेला.

तोस्काला ती अजून ओळखते. वेणी घालून दिली तिला, खुर्चीतूनच.

जेवणानंतर गाव झोपतं. आत्ता झोपलंय. मी पिंप उचलणार आहे.

१३ ऑक्टोबर, नंतर

माळ्यावर आहे. आतून अडसर घातलाय. पिंप माझ्यासमोर, बूच ठोकलेलं, मेण लावलेलं.

सगळे आले. दार फोडायला कुऱ्हाडी घेऊन आले. मी ओरडून सांगितलं, दाराला हात लावाल तर तुमची सगळ्यांची पिंपं इथेच आहेत, माझ्या हातात मोगरी आहे.  जिन्यावरून पावलं मागे गेली.

आता माझी अट: बस चालू करायची, इझोलिना, तोस्का आणि हे पिंप घेऊन मी खाली जाणार. शहरात थंड तळघरं आहेत. गंधकाची धुरी आहे. हवा काढून टाकायचे मार्ग आहेत. मी हे टिकवू शकतो. काम आहे माझं ते.

१४ ऑक्टोबर

ग्वाल्तिएरो दारापलीकडे बसून बोलतो. आवाज गोड काढतो. त्यानं तिचं काय प्यायलंय कोण जाणे, मला बेडूकराव म्हणायला लागलाय. 

म्हणाला, फोडा ना, बेडूकराव. खालच्या फळीपासून सुरुवात करा. लहान पोरांची तिथे असतात. डावीकडचं पहिलं तोस्काचं.

वळवून नाव बघितलं. खरंच तिचं आहे. कोपऱ्यात, इवलंसं, मेण अजून चकचकीत.

मोगरी खाली ठेवली. तो दारापलीकडून ऐकत होता. त्याला कळलं.

इथे फार तापतं. कौलं दुपारची हात लावू देत नाहीत. बूच हुंगलं—

नाही. अजून नाही. किंचित. अगदी किंचित तिखट वास.

१५ ऑक्टोबर

वास वाढतोय. ओली पोती गुंडाळली पिंपाला. पाणी संपत आलं.

उपाय एकच आहे, तो पहिल्याच वर्षी शिकवतात. पिंपातली मोकळी जागा भरून टाकायची. काठोकाठ. हवा राहायला नको. तशाच वाइननं भरायची. इथे आजूबाजूला तशीच वाइन आहे, शंभर पिंपं. म्हणजे शंभर माणसं.

ग्वाल्तिएरोचं सापडलं. वरच्या फळीवर. मी त्याच्या बुचावर मोगरी टेकवून उभा राहिलो. बराच वेळ. त्याचं तिच्यात घालायचं? तिनं तोस्काशी त्याच्या जिभेनं बोलायचं? नाही घातलं. आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती.

खाली तोस्का रडतेय. खिडकीतून विचारलं काय झालं. म्हणाली, ईवोकाका, आईनं मारलं. गालावर. आईनं कधीच मारलं नव्हतं.

आंबायला लागलंय.

१६ ऑक्टोबर

इझोलिना आली. त्यांनीच पाठवलं, मला बाहेर काढायला. ती दारापलीकडे बसली. आवाज करकरीत झालाय. आधी शिव्या दिल्या, दलदलीतला किडा म्हणाली, तुझ्यामुळे झालं म्हणाली. खरं आहे ते. मी ऐकून घेतलं.

मग थांबली. अगदी हळू बोलली, खालच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. सकाळी पाव कापताना तोस्का शेजारी उभी होती आणि सुरी हातात होती आणि मनात काय आलं ते सांगता येत नाही, म्हणाली. पुढे म्हणाली, माझ्याकडे आता तोस्काशिवाय काही राहिलं नाही. जड ते तळाला बसतं ना? तेच बसलंय तळाला. ते या लोकांना देऊ नका. त्यांनी माझं हसू चौकात उधळलं, हेही उधळतील. आणि आंबू पण देऊ नका. तुम्ही प्या. तुम्ही परके आहात, तुम्ही इथून जाल. तिला घेऊन जा. निदान तिला कुणीतरी ओळखणारं असेल.

मी नाही म्हटलं. पुष्कळ वेळा. मी म्हटलं, मी तुला वाचवायला चढलोय इथे.

ती म्हणाली, लवकर, बेडूकराव. परत चीड यायला लागलीय.

१६, दुपार

प्यालो. गाळासकट. बोटानं पुसून.

शेवटचा घोट घेतला आणि दारापलीकडे तिचं बोलणं मध्येच तुटलं.

बर्फ पडत होतं तोस्का झाली तेव्हा. सुईण वाटेत अडकली होती. नेल्लोनं चादरी भट्टीवर गरम केल्या. तिच्या डाव्या खांद्यावर तीळ— मी हे कधी बघितलेलं नाही. गोवर आला तेव्हा ती पाणी नको म्हणायची, चमचा दातांवर वाजायचा. माझ्या मांडीवर होती.

माझ्या नाही. हो, माझ्याच.

जिन्यावर तोस्का आली होती. आई म्हणून हाक मारली. इझोलिना तिला म्हणाली, कुणाची गं तू, बाळ? घरी जा, उशीर होईल. नीट प्रेमानं म्हणाली. कुणाच्याही पोरीला म्हणावं तसं.

तोस्का रडली नाही. रडायला हवी होती. ती न रडता ओठ चावते तेव्हा जास्त—

अडसराला हात गेला होता माझा. मागे घेतला.

१६—

ग्वाल्तिएरो खालून बोलला. गोड नाही आता. म्हणाला, रिकामं पिंप ठेव तिथेच, आम्हाला पिंपाशी काय करायचंय. वाइन कुठे आहे ते आम्हाला कळतं. लाकडात असो नाहीतर कातड्यात.

कुणीतरी हसलं. तिचं हसू. नेल्लो नव्हता तो, दुसराच कुणी.

परातीचा आवाज. पेले मांडतायत.

खिडकी अरुंद. खाली दगड.

अंधार पडायच्या आत. काहीतरी—

१६—

त्यांनी तोस्काला वर पाठवलं.

पावलांवरून कळलं. उजव्या बुटाचा बंद परत सुटलाय तिचा, ती तो पाय ओढत चढते. पडेल. पायऱ्या झिजलेल्या आहेत, मी रोज सांगते बंद बांध, रोज—

दार वाजवतेय. काका म्हणत नाहीये. काय म्हणावं ते तिला कळत नाहीये, नुसतं वाजवतेय. हुंदका आला. आत्ता आला. इतक्या वेळानं.

तिच्या मागे कोण आहेत ते मला माहीत आहे. श्वास ऐकू येतायत. मेणाचा वास, पेल्यांचा किणकिणाट. मला सगळं माहीत आहे. अडसर काढला की—

पण अशी रडायला लागली की तिचा श्वास अडकतो. पाठ चोळावी लागते, दोन खांद्यांच्या मध्ये, हळू. दुसऱ्या कुणाला माहीत नाही ते. आता दुसरं कुणीच नाही.

आले गं, आले. रडू नको. आत्ता उघड